जिनिंगमध्ये मजूर दगावला तर भरपाई कोणी, किती आणि कुठे भरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका गावचा ३४ वर्षांचा माणूस शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, ठेकेदारामार्फत कामाला होता. १३ नोव्हेंबर २०२४ ला लागला. ११ फेब्रुवारी २०२५ ला सरकीच्या स्क्रू कन्व्हेअरमध्ये दुपट्टा अडकून आत ओढला गेला आणि जागीच गेला. रोजी ४५० रुपये, हप्त्याच्या हप्त्याला मिळायची. मागे बायको, दोन लहान मुलं आणि म्हातारे आई-वडील आहेत. जिनिंगमालक म्हणतो, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, पिऊन होता. दोघांनी मिळून २ लाख दिले आणि ५०० च्या स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे आमची काही मागणी नाही’ असं लिहून घेतलं. मयताचा धाकटा भाऊ विचारतो: आता काही मिळू शकतं का, आणि कोणाकडून?

मिळू शकतं, आणि रक्कम त्या २ लाखांच्या जवळपास सहापट होते. आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. या अर्जात तुम्ही अर्जदार नाही, तुमच्या वहिनी आहेत. सज्ञान भाऊ या कायद्यात ‘अवलंबित’ नसतो. धावपळ तुम्हीच करणार, पण अर्ज वहिनींच्या नावाने, मुलांच्या वतीने त्याच पालक म्हणून, आणि आई-वडिलांना सोबत घेऊन करायचा. पुष्कळ प्रकरणं इथेच अडतात. भाऊ किंवा सासरा स्वतःच्या नावाने अर्ज टाकतो, सून माहेरी गेलेली असते, मग ती वेगळा अर्ज टाकते, आणि वर्षभर मालकाऐवजी घरातलीच माणसं एकमेकांविरुद्ध भांडत बसतात.

कायदा कोणता ते अपघाताच्या तारखेवर ठरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ तिच्यात गेला. तुमचा अपघात त्याआधीचा असल्याने हक्क १९२३ च्या कायद्यानेच ठरेल. पुढची कलमं त्याच कायद्यातली आहेत. मुदत अपघाती मृत्यूपासून दोन वर्षं, म्हणजे फेब्रुवारी २०२७ पर्यंत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर बसू नका. मालकाला वेळेत नोटीस दिली नव्हती म्हणूनही दावा पडत नाही. मृत्यू त्याच्याच आवारातल्या अपघातात झाला असेल तर नोटिशीचा अभाव आड येत नाही, असं कलम १० मध्येच लिहिलेलं आहे.

आता स्टॅम्पपेपर. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई वारसांच्या हातात द्यायचीच नसते. कलम ८ प्रमाणे ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते, आणि थेट दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. सूट एवढीच की मालकाने अवलंबितांना तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल दिली असेल तर आयुक्त तेवढी वजा करून मालकाला परत देऊ शकतात. तुमच्या आकड्यांत ती ३५,१०० रुपये होते. बाकीच्या १ लाख ६४ हजार ९०० रुपयांची वजावट मालकाला मागता येत नाही. ‘मागणी नाही’ हा मजकूरही कलम १७ पुढे टिकत नाही, कारण हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार त्या कलमाने तेवढ्यापुरता रद्दच ठरतो. नोटरीचा शिक्का, पोलिस पाटलाची साक्षीदार म्हणून सही, सरपंचाची मध्यस्थी यांनी त्यात काही फरक पडत नाही. तरी तो कागद जपून ठेवा. त्यात मालक आणि ठेकेदार दोघांच्या सह्या असतील आणि ‘आमच्या जिनिंगमध्ये कामावर असताना’ असं लिहिलेलं असेल, तर नोकरी आणि अपघात दोन्ही सिद्ध करणारा त्याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. पैसे मिळाले हे अर्जात लपवू नका. ‘अमुक तारखेला इतके मिळाले’ असं सरळ लिहा.

‘माणूस ठेकेदाराचा’ या सबबीला कलम १२ उत्तर देतं. मालकाच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असलेलं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं आणि अपघात मालकाच्या ताब्यातल्या आवारात झाला, तर मूळ मालक भरपाईला जबाबदार असतो, जणू मजूर त्याचाच. त्याने भरलेली रक्कम त्याला ठेकेदाराकडून वसूल करता येते, पण ते त्या दोघांचं आपसातलं. जिनिंगमध्ये सरकी हलवणं, रुई प्रेसकडे नेणं, गाठी रचणं हा धंद्याचा गाभाच आहे, त्यामुळे इथे फार वाद उरत नाही. अर्जात मालक, ठेकेदार आणि विमा असेल तर विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. फक्त ठेकेदाराला केलं तर आदेश मिळूनही तो एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या माणसाविरुद्धचा कागद ठरतो. जिनिंगच्या मालकाचा प्लॉट, शेड आणि शेती सातबाऱ्यावर दिसते, आणि वसुलीच्या वेळी तीच उपयोगी पडते.

दारूचं म्हणणं तर मालकाच्या वकिलानेही फार ताणू नये. दारूचा अंमल, मुद्दाम नियम मोडणं, सुरक्षेचं झाकण जाणूनबुजून काढणं हे बचाव कलम ३ मध्ये आहेत खरे, पण तिथेच स्पष्ट लिहिलंय की जखमेतून मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर ते चालत नाहीत. बोट तुटलं असतं तर दारूचा मुद्दा चालला असता. माणूस गेला म्हणून चालत नाही. व्हिसेरात अल्कोहोल आलं तरी दावा पडत नाही. मालकाला फार तर एवढंच म्हणता येईल की तो त्या वेळी कामावर नव्हताच, काम सोडून कुठेतरी पडला होता. कन्व्हेअरमध्ये ओढल्या गेलेल्या माणसाबद्दल ते म्हणणं कठीण आहे. चूक कोणाची हेही या कायद्यात पाहिलं जात नाही. कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात झाला, एवढंच सिद्ध करायचं असतं.

आकडा कसा निघतो

सूत्र: मासिक वेतनाच्या निम्मे × वयानुसार गुणक. उत्तर १,२०,००० पेक्षा कमी आलं तर १,२०,०००. गुणक चौथ्या अनुसूचीत असतो. ३० व्या वर्षी २०७.९८, ३४ व्या वर्षी १९९.४०, ३८ व्या वर्षी १८९.५६, ५० व्या वर्षी १५३.०९. वय म्हणजे शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेली वर्षं.

रोजंदारीचं मासिक वेतन काढताना बहुतेक जण थेट २६ ने गुणतात. कायद्याची रीत वेगळी आहे. बारा महिने सलग नोकरी असेल तर वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग. महिन्यापेक्षा कमी नोकरी असेल तर तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या मजुराची सरासरी. मधल्या सगळ्या प्रकरणांत, म्हणजे हंगामी जिनिंगमध्ये जवळपास नेहमीच, अपघाताआधीच्या सलग नोकरीतली एकूण कमाई × ३० ÷ त्या काळातले एकूण दिवस. सलग म्हणजे मध्ये १४ दिवसांपेक्षा जास्त खाडा नसलेली.

१३ नोव्हेंबर ते १० फेब्रुवारी हे ९० दिवस होतात. हजेरी ७८ धरू. ७८ × ४५० = ३५,१००. त्याला ३० ने गुणून ९० ने भागलं की ११,७०० मासिक. निम्मे ५,८५०. त्याला १९९.४० ने गुणलं की ११,६६,४९० रुपये.

मासिक वेतन कितीही असलं तरी हिशोबाला १५,००० पर्यंतच धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. त्याआधी ती ८,००० होती आणि अजूनही काही जण जुन्या सवयीने तीच लावतात. मालकाच्या बाजूने असा हिशोब आला तर तारीख दाखवा.

देय होण्याची तारीख म्हणजे अपघाताची तारीख, आदेशाची नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ठरवलं आणि २०१२ मध्ये पुन्हा सांगितलं. महिन्याच्या आत पैसे जमा केले नाहीत तर १२ टक्के सरळ व्याज. तुमच्या रकमेवर ते वर्षाला १,३९,९७९ रुपये होतं, म्हणजे महिन्याला साधारण ११,६६५. उशिराला पटण्याजोगं कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, तोही अवलंबितांनाच मिळतो. पण दंड आपोआप लागत नाही. मालकाला कारणे दाखवा संधी द्यावी लागते, म्हणून अर्जातच वेगळी मागणी करा. ती विसरली की शेवटी फक्त व्याजावर भागतं. अंत्यविधीसाठी किमान ५,००० वेगळे असतात.

वयाचं काय ते आधीच तपासा. आधारवर ‘०१/०१’ अशी गोळाबेरीज जन्मतारीख आणि शाळेच्या टी.सी. वर वेगळी, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ३४ ऐवजी ३८ धरलं तर भरपाई ११,०८,९२६ होते, ५७,५६४ रुपयांनी कमी. टी.सी. किंवा दाखलखारीज रजिस्टरचा उतारा काढून ठेवा. पोस्टमॉर्टेमच्या कागदावरचं ‘अंदाजे वय ४०’ पुरावा नसलं तरी उलटतपासणीत तेच पुढे केलं जातं.

खरा वाद नोकरीवर होतो

मालक आणि ठेकेदार लेखी जबाबात बहुतेक वेळा एकच ओळ लिहितात: ‘मयत हा आमच्याकडे कामास नव्हता.’ नियुक्तिपत्र नाही, पीएफ नाही, पगारपत्रक नाही. मग काय दाखवणार?

मुकादमाची हजेरीची वही. खिशात मावणारी, वर आठवड्याची तारीख, नावापुढे टिक आणि बाजूला ‘उचल २००’ असं काहीतरी लिहिलेलं. अपघातानंतर ती वही पहिली गायब होते. एखाद्या सोबत्याने मोबाइलवर तिचा फोटो काढलेला असतो, उचलीवरून भांडण झालं होतं म्हणून. तो फोटो शोधा, आणि ज्याने काढला त्याचा मोबाइल साक्षीच्या दिवसापर्यंत बदलू देऊ नका. एखाद्या हप्त्याचे पैसे फोन-पे ने आले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा. ठेकेदाराच्या नावाने आलेली एक नोंदही पुरते. गेटवरचं रजिस्टर आणि सीसीटीव्ही काही आठवड्यांतच पुसलं जातं. ते मिळालं नसेल तर त्याच्या मागे वेळ घालवू नका.

साक्षीदारांची घाई मात्र करावीच लागते. जिनिंगमधली निम्मी माणसं मेळघाटातून किंवा मध्य प्रदेशातून आलेली असतात. होळीला ती घरी जातात आणि बरीच जण त्या हंगामात परतत नाहीत. नाव, गाव, तालुका आणि घरच्या कोणाचा तरी नंबर एवढं लिहून घेतलेलं असावं. ‘तो काळा सा पोरगा, धारणीकडचा’ एवढ्यावर समन्स निघत नाही.

पोलिसांचे कागद नकलेचा अर्ज देऊन ठाण्यातून घ्या: मर्गची (अकस्मात मृत्यूची) खबर, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट पंचनामा, पोस्टमॉर्टेम अहवाल, जबाब. घरच्यांनी ग्रामीण रुग्णालयात दिलेला पहिला जबाब नीट वाचा. रडत बसलेल्या माणसाने ‘तो मजुरी करायचा’ एवढंच सांगितलेलं असतं, आणि हवालदाराने ‘शेतमजुरी’ लिहिलेलं असतं. उलटतपासणीत नेमका तोच शब्द पुढे येतो. पंचनाम्यात कोणाच्या आवारात, कोणत्या यंत्राजवळ, कन्व्हेअरवर झाकण होतं की नव्हतं, हे असेल तर फार काम होतं. पंचनामा मुनिमाने सांगितला तसा लिहिला गेला तर ‘मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ हे वाक्य हटकून येतं. भरपाईच्या दाव्याला ते मारक नाही, फौजदारी प्रकरणाला आहे.

जिनिंग कारखाना कायद्याखाली असेल तर जीवघेण्या अपघाताची खबर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यावीच लागते आणि तिथले अधिकारी येऊन चौकशी करतात. यंत्राला संरक्षक आवरण होतं का, मयत कोणाकडे कामाला होता, हे त्या अहवालात येतं. माहिती अधिकारात तो मागा, किंवा आयुक्तांमार्फत मागवायचा अर्ज करा. माझ्या मते जिनिंगच्या प्रकरणांत हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत वजनदार कागद आहे.

वेतनाचा पुरावाच नसेल तर कापूस जिनिंग-प्रेसिंग हा किमान वेतनाच्या यादीतला उद्योग असल्याचं सांगून त्या तारखेचा किमान वेतन दर मागता येतो. त्यामुळे मालकाने ‘आम्ही २०० च देत होतो’ म्हटलं तर ते त्याच्याच अंगलट येतं.

कुठे आणि कसा अर्ज

जिल्ह्याच्या कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच बहुतेक ठिकाणी नुकसानभरपाई आयुक्त असतात. अपघात वर्धा जिल्ह्यात झाला असला तरी वहिनी जिथे नेहमी राहतात तिथे, म्हणजे यवतमाळलाही अर्ज चालतो. कलम २१ तशी मुभा देतं. वहिनींना लहान मुलांसह दर तारखेला जिल्हा ओलांडायचा नसेल तर तेच बरं. फक्त साक्षीदार सगळे वर्ध्याकडचे असतील तर त्यांच्या येण्याजाण्याचा विचार आधी करा.

आधी मालक आणि ठेकेदार दोघांना रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवा. नाव, वय, कामाची जागा, अपघाताची तारीख-वेळ, रोजी, मागणीची रक्कम. मग मृत्यूच्या प्रकरणासाठीचा नमुना ‘जी’. सोबत मृत्यू दाखला, वयाचा पुरावा, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, पोलिसांचे कागद, नोटिशीच्या पोचपावत्या. अर्जाआधीच आयुक्तांना मृत्यूची माहिती देऊन कलम १० अ खाली मालकाकडून खुलासा मागवण्याची विनंतीही करता येते. मालकाला ३० दिवसांत सांगावं लागतं की तो जबाबदारी मानतो की नाही, आणि मानत नसेल तर का. त्या खुलाशात एकदा ‘ठेकेदाराचा माणूस होता’ असं लेखी आलं की नंतर ‘ओळखतच नाही’ म्हणता येत नाही.

वकिलाच्या फीसाठी सावकाराकडे जाऊ नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच समितीचं कार्यालय असतं. मिळणाऱ्या रकमेत वीस-पंचवीस टक्के मागणाऱ्याला सही देण्याआधी तिथे जाऊन या. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावावा असं आहे. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षं धरून चाला.

ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, शंका इथेच मिटवू. जिथे ईएसआय लागू असते तिथे हा दावा चालत नाही, अवलंबितांना ईएसआयकडून दरमहा पेन्शन मिळते. पण निव्वळ जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना ईएसआय कायद्यात ‘हंगामी कारखाना’ म्हणून वगळलेला आहे. त्याच आवारात सरकीची तेलघाणी बारमाही चालत असेल तर मात्र चित्र बदलू शकतं. मालक ‘ईएसआयकडे जा’ म्हणाला तर त्याला कोड नंबर आणि मयताचा विमा क्रमांक विचारा. नंबर निघाला नाही तर तो मुद्दा लेखी जबाबातही टिकत नाही.

विमा सक्तीचा नव्हता, म्हणून बऱ्याच जिनिंगकडे आगीची मोठी पॉलिसी असते आणि माणसांची नसते. असेल तर पॉलिसीत किती मजूर आणि किती पगार जाहीर केला, ठेकेदाराचे मजूर धरलेत का, व्याजाचा समावेश आहे का, हे वाचावं लागतं. मालकाला पॉलिसी हजर करायचा आदेश मागा. दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो.

हे वाचणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठीही एक सरळ हिशोब. मजूर गेला त्या महिन्यात, वाद असला तरी जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम आयुक्तांकडे भरा. कलम ४ अ तशी वाटच देतं. गावात बसून २ लाखांत ‘मिटवलं’ तर त्या २ लाखांतले बहुतेक पैसेही जातात, वर व्याज चालू राहतं आणि दंडाची टांगती तलवार वेगळी.

शेतातला मृत्यू

अशाच प्रश्नाबरोबर सालदाराचं विचारलं जातं, म्हणून थोडं सविस्तर. पाडव्याला साल ठरवून ठेवलेला माणूस शेतात गेला तर शेतकरी ‘मालक’ ठरतो का? ठरू शकतो, पण शेतीतला प्रत्येक मजूर या कायद्यात येत नाही. दुसऱ्या अनुसूचीत शेतीबाबत मुख्यतः ट्रॅक्टर किंवा इंजिन, वीज अशा शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती आहे. थ्रेशरमध्ये हात गेला, ट्रॅक्टर उलटला, रात्रीच्या लाइटवर मोटार सुरू करायला गेला आणि स्टार्टरला चिकटला, हे आत येतं. हाताने निंदताना झालेल्या मृत्यूबाबत दावा डळमळतो. अर्ज लिहिताना म्हणूनच ‘शेतीकाम करीत असताना’ असं मोघम लिहू नये. कोणती मोटार, किती एचपी, कोणत्या विहिरीवर, पाणी कशाला देत होता, ते लिहावं.

फवारणी मात्र त्या अनुसूचीत वेगळी दिलेली आहे. पंप हाताचा असो की बॅटरीचा, शेतात कीटकनाशक फवारणारा मजूर या कायद्यात येतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना आठवतं. तो फवारणी करत होता, हे पंचनाम्यात आलंच पाहिजे. पंप जप्त करायला लावा, औषधाच्या बाटलीचं लेबल, कोणत्या दुकानातून कोणी आणली, तेही. नाहीतर कागदोपत्री ‘विष प्राशन’ होतं, म्हणजे आत्महत्या, आणि कामाशी संबंधच तुटतो. ‘फवारणी करताना विषबाधा’ हे शब्द पहिल्या खबरीत असावेत. डॉक्टरांना भरती करतानाच तसं सांगा.

सालदाराचा पगार वर्षाचा ठरतो, त्यामुळे बारावा भाग काढणं सोपं. सोबत ज्वारी, राहायला खोली असेल तर त्यांची पैशातली किंमतही जुन्या कायद्यात वेतनात धरायची. नव्या संहितेत वस्तुरूपातला मोबदला एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच धरला जातो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून पडून गेलेल्या मजुराच्या घरच्यांना दोन वाटा असतात, हा दावा किंवा मोटार अपघात न्यायाधिकरण. दोन्हीकडे मागता येत नाही, एक निवडावी लागते. न्यायाधिकरणात रक्कम बहुधा मोठी होते, पण तिथे चूक कोणाची हे लागतं आणि विमा कंपनी ‘ट्रॉलीवर माणसं बसवायची परवानगी नव्हती’ म्हणून हात झटकते. पॉलिसीची प्रत पाहिल्याशिवाय निवड करू नका.

कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताबद्दल २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात निकाल दिला. पहाटे ३ च्या ड्युटीला निघालेला हा माणूस वाटेत गेला होता. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर तो कामाच्या ओघातलाच अपघात, असं ठरलं. नव्या संहितेत ही तरतूद आता सरळ लिहिलेलीच आहे.

भरपाईशिवायचे पैसे वेगळे असतात आणि भरपाईतून वजा होत नाहीत. बांधकाम मजूर मंडळाकडे नोंदणी असेल आणि कामावर मृत्यू झाला असेल तर ५ लाख. सातबारा असलेल्या शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे अपघात सानुग्रह योजनेतून २ लाख. भूमिहीन मजुराच्या घरच्यांना ते मिळत नाही. वीज पडून गेला तर तहसीलमार्फत ४ लाख. मयताच्या पासबुकात मे-जूनमध्ये २० रुपये कापल्याची नोंद असेल तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, २ लाखांचा. बँकेत जाऊन विचारा.

आदेश झाल्यावर

मालकाला अपील करायचं असेल तर ६० दिवसांत, नागपूर खंडपीठात, तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच. त्याआधी आदेशाची रक्कम आयुक्तांकडे भरल्याचा दाखला जोडावा लागतो. त्यामुळे अपील झालं तरी पैसा जागेवर असतो.

मालक भरतच नसेल तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. आयुक्तांचा वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे जातो आणि तिथे धूळ खात पडतो, कारण कोणत्या मालमत्तेवर बोजा चढवायचा हे त्यात नसतं. मालकाच्या जमिनीचे गट नंबर, जिनिंगच्या प्लॉटचा उतारा, बँकेचं नाव, हे पटवाऱ्याकडून काढून तुम्हीच अर्जासोबत जोडा.

वाटप आयुक्त करतात. बायको, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली आणि विधवा आई यांना अवलंबित असल्याचं वेगळं दाखवावं लागत नाही. वडील हयात असल्याने तुमच्या आई-वडिलांना मुलाच्या कमाईवर जगत होतो हे सांगावं लागेल. रेशनकार्डावर एकत्र नाव आणि स्वतःची जमीन नसल्याचा दाखला पुरतो. कोणाला किती हे ठरलेलं प्रमाण नाही, आयुक्त परिस्थिती पाहून ठरवतात. म्हणून घरात आधी बोलून एकमताची पुरसिस (लेखी निवेदन) दिली तर महिने वाचतात. मुलांचा हिस्सा सहसा ती अठरा वर्षांची होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो. त्याचं व्याज दर तिमाहीला वहिनींच्या खात्यात जमा व्हावं, अशी विनंती त्याच तारखेला लेखी द्या. ती दिली नाही तर व्याज ठेवीतच साचत राहतं आणि शाळेच्या फीसाठी दरवेळी नवा अर्ज करावा लागतो.